मॅकडॉवेलची थकबाकी

अमेरिकेतल्या मॅकडॉवेल काउंटीचा विषय निघाला की ऐकणारा थोड्याच वेळात विचारतो, एवढं वाईट आहे तर लोक तिथून निघून का जात नाहीत? विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. त्याने स्वतः किंवा त्याच्या वडिलांनी कधी तरी गाव सोडलेलं असतं आणि त्यातून घराचं भलं झालेलं असतं. पण या प्रश्नाचं उत्तर जनगणनेत आहे. १९५० मध्ये या काउंटीत ९८,८८७ माणसं राहत होती. २०२० मध्ये १९,१११ उरली. पाचातली चार कमी झाली. गाव सोडणं हा उपाय असेल, तर तो सत्तर वर्षं करून झाला आहे. निघून जाणारे गेले. मागे राहिलेल्यांचं काय, हा खरा प्रश्न आहे आणि तो कुणी विचारत नाही.

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासनाचा घटक. मॅकडॉवेल मात्र आकाराने एखाद्या मोठ्या तालुक्याएवढीच, साधारण १,३८५ चौरस किलोमीटर. वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या कुशीत. सपाट जमीन जवळपास नाहीच. एल्कहॉर्न नावाचा ओढा डोंगरांमधून वाट काढत येतो आणि वेल्च या मुख्य गावात टग फोर्क नदीला मिळतो. त्याच्या काठाने जी अरुंद पट्टी आहे, तिच्यातच ओढा, रेल्वेचे रूळ, महामार्ग आणि घरांची रांग दाटीवाटीने बसली आहे. कीस्टोन, किंबॉल, वेल्च ही गावं या एकाच पट्टीवर एकामागोमाग येतात. पट्टीच्या दोन्ही बाजूंना जो डोंगर उभा राहतो तो गावकऱ्यांचा नाही, आणि माझ्या मते इथल्या सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे.

मॅकडॉवेलच्या गरिबीकडे गेली साठ-पासष्ट वर्षं मदतीच्या नजरेने पाहिलं गेलं. ज्याला मिळत नाही त्याला द्या, ही ती नजर. मला ही गरिबी एक थकलेलं देणं वाटते. इथून जे नेलं गेलं त्याचा हिशेब झालेला नाही, आणि तो होत नाही तोवर कितीही मदत आली तरी ती पोटापुरतीच राहणार.

१८८० मध्ये इथे जेमतेम ३ हजार माणसं होती. डोंगरउतारावर मका लावायचा, डुकरं पाळायची, शिकार करायची, असं जगणं. त्यांच्या पायाखाली पोकाहॉन्टस नंबर ३ नावाचा कोळशाचा थर होता. जळताना धूर फारच कमी आणि उष्णता भरपूर, म्हणून अमेरिकी नौदलाला आणि पोलाद कारखान्यांना हाच कोळसा हवा असे. गावकऱ्यांना या थराची किंमत कळायच्या आत फिलाडेल्फियाच्या भांडवलदारांनी जमिनी आणि खनिजहक्क विकत घेऊन ठेवले. नॉरफोक अँड वेस्टर्न ही रेल्वे डोंगर फोडून आत आली आणि पुढे बरीचशी जमीन त्या रेल्वेच्याच जमीन कंपनीकडे गेली. यू. एस. स्टीलने गॅरी हे गाव वसवलं, आपल्या अध्यक्षाच्या नावाने. खाणमालक जमीन भाड्याने घ्यायचा आणि दर टनामागे जमीनमालकाला पैसे द्यायचा. ते पैसे डोंगराबाहेर जायचे. कामगाराचं घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, काही ठिकाणी तर पगारसुद्धा कंपनीच्या बिल्ल्यांत, म्हणजे तो त्या दुकानाबाहेर चालायचाच नाही. आयुष्यभर खाणीत राबून माणसाच्या नावावर एक गुंठाही होत नसे.

तरीही त्या माणसांनी तिथे जे उभं केलं ते थक्क करणारं आहे. हंगेरी, इटली, पोलंडहून माणसं आली. व्हर्जिनिया, कॅरोलिना, अलाबामाहून काळी माणसं आली, कारण इथे मजुरी बरी होती आणि दक्षिणेत त्यांना मत देता येत नव्हतं ते इथे देता येत होतं. शाळा वेगळ्या होत्या, भेदभाव होताच, पण मतपेटी खुली होती. कीस्टोनहून ‘मॅकडॉवेल टाइम्स’ हे काळ्या वाचकांचं साप्ताहिक निघायचं आणि त्याचे संपादक अभिमानाने या काउंटीला ‘मॅकडॉवेलचं स्वतंत्र राज्य’ म्हणायचे. मिनी बकिंगहॅम हार्पर याच काउंटीच्या. पतीच्या निधनानंतर १९२८ मध्ये त्यांची राज्याच्या विधिमंडळात नेमणूक झाली आणि विधिमंडळात बसलेल्या त्या अमेरिकेतल्या पहिल्या काळ्या स्त्री ठरल्या. त्याच वर्षी किंबॉलला रस्त्याच्या वरच्या अंगाला मोठ्या खांबांची एक इमारत उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लढलेल्या काळ्या सैनिकांचं ते स्मारक, आणि अशा सैनिकांसाठी देशात बांधलेली ती पहिलीच स्मारक-इमारत. पुढे आगीत तिच्या नुसत्या भिंती उरल्या होत्या. लोकांनी ती पुन्हा उभी केली. १९४१ मध्ये वेल्चने गाड्या ठेवण्यासाठी बहुमजली इमारत बांधली. नगरपालिकेच्या मालकीची अशी इमारत देशात तेव्हा दुसरी नव्हती. गाव एवढंसं, पण शनिवारी पगार हातात घेऊन सगळ्या खाणवस्त्या बाजाराला लोटायच्या तेव्हा गाडी लावायला जागा मिळायची नाही. आज त्याच गल्ल्यांमध्ये दुकानांची दारं फळ्या ठोकून बंद आहेत.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा भागांबद्दल लिहिताना तिथे पहिल्यापासून दारिद्र्य आणि अडाणीपणाच होता असं चित्र रंगवलं जातं. कोलवुड ही इथलीच खाणवस्ती. तिथल्या खाण अधिकाऱ्याचा मुलगा होमर हिकम शाळेतल्या मित्रांबरोबर अग्निबाण उडवायचा आणि पुढे नासात अभियंता झाला. ज्या काउंटीत हे सगळं घडलं तिथल्या माणसांना आळशी म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

हक्क मागितल्यावर काय झालं तेही नोंदलं गेलेलं आहे. मेटवान या शेजारच्या काउंटीतल्या गावचा पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्ड खाणकामगारांच्या बाजूने उभा राहिला होता. १ ऑगस्ट १९२१ रोजी एका खटल्यासाठी तो आपल्या साथीदारासह वेल्चला आला. दोघे निःशस्त्र होते, सोबत बायका होत्या. न्यायालयाच्या दगडी पायऱ्या चढत असताना कंपन्यांच्या भाडोत्री गुप्तहेरांनी त्यांना गोळ्या घातल्या. कुणालाही शिक्षा झाली नाही. त्या महिनाअखेरीस सुमारे १० हजार खाणकामगार हत्यारं घेऊन ब्लेअर डोंगराकडे निघाले. मॅकडॉवेलच्या खाणमालकांनी मात्र १९३३ पर्यंत युनियनला आत पाऊल ठेवू दिलं नाही. त्या पायऱ्या अजून वापरात आहेत. घरपट्टीची पावती घ्यायला, खटल्याची तारीख विचारायला लोक त्याच चढून जातात.

आता घसरण कशी झाली ते. पर्यावरणाच्या नियमांनी कोळसा मारला आणि म्हणून ही माणसं देशोधडीला लागली, हे कारण आज सर्रास दिलं जातं. तारखा त्याला साथ देत नाहीत. अमेरिकेचं पर्यावरण संरक्षण खातं स्थापन झालं १९७० मध्ये. मॅकडॉवेलची लोकसंख्या १९५० ते १९६० या दहा वर्षांतच साडेसत्तावीस हजारांनी घटली होती आणि १९७० पर्यंत ती निम्म्यावर आली होती. तेव्हा कोळसा कमी निघत नव्हता, यंत्र आलं होतं. सलग कोळसा कापत जाणारं एक यंत्र कित्येक माणसांचं काम करायला लागलं. जॉन केनेडी १९६० मध्ये प्रचारासाठी या भागात फिरले आणि पुढे ओहायोतल्या एका भाषणात त्यांनी मॅकडॉवेलचं नाव घेऊन सांगितलं की ही काउंटी तिच्या इतिहासात कधी नव्हे एवढा कोळसा काढते आहे, आणि तरी सरकारी शिल्लक अन्नाची पाकिटं घेणारी माणसं देशात सर्वांत जास्त याच काउंटीत आहेत, कारण माणसांची कामं यंत्रं करत आहेत. रोगाचं निदान इतक्या नेमक्या शब्दांत क्वचितच होतं. उत्पादन वाढतंय आणि भूकही वाढतेय, हे होणाऱ्या अध्यक्षाने जाहीर सभेत सांगितलं होतं.

मग उपचार काय झाला? सत्तेवर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २१ जानेवारी १९६१ रोजी, केनेडींनी आपला पहिला कार्यकारी आदेश काढला तो गरिबांना जास्त अन्न मिळावं म्हणून. त्यातून अन्नकूपनांची योजना आली आणि २९ मे १९६१ रोजी देशातली पहिली कूपनं मॅकडॉवेलमध्येच दिली गेली. काम नसलेला एक खाणकामगार, त्याची बायको, घरात खाणारी १५ तोंडं. त्यांना ९५ डॉलरची कूपनं मिळाली आणि पहिली खरेदी झाली ती घेवडा आणि डुकराच्या मांसाच्या एका डब्याची.

त्या डब्याला मी कमी लेखणार नाही. त्या योजनेने पुढे कोट्यवधी अमेरिकनांची चूल पेटती ठेवली, आणि आजही मॅकडॉवेलमधली कितीतरी घरं तिच्यावर उभी आहेत. योजना बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं भांडणच आहे. पण केनेडींच्या स्वतःच्या निदानाला हे औषध पुरेसं नव्हतं. यंत्रामुळे वाढलेला नफा जात होता कुठे, तर जमीन आणि खनिज ज्यांच्या नावावर होतं त्यांच्याकडे. सातबाऱ्याला कुणी हात लावला नाही. भुकेची सोय झाली आणि मालकी होती तशीच राहिली.

ती अजूनही बरीचशी तशीच आहे. १९८१ च्या अ‍ॅपलाचियातल्या जमीनमालकीच्या मोठ्या पाहणीत दिसलं की खनिजहक्क प्रचंड प्रमाणात बाहेरच्या मालकांकडे आहेत आणि त्यावर ते भरतात तो मालमत्ता कर नगण्य आहे. २०१३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या अभ्यासकांनी पुन्हा मोजणी केली. ज्या मोजक्या काउंट्यांमध्ये वरच्या दहा मालकांकडे खासगी जमिनीचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग आहे, त्यांत मॅकडॉवेल होतीच. शाळा मालमत्ता करावर चालतात. मोठ्या मालकाने कमी भरलं की शाळेच्या छतातून पाणी गळतं, हे इतकं सरळ आहे.

जमिनीचा प्रश्न पुरातही दिसतो. जुलै २००१, मे २००२ आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये ओढे फुगून गावं बुडाली. दर वेळी बाहेरचा माणूस विचारतो, ओढ्याकाठी घरं बांधतातच कशाला? अहो, दुसरीकडे बांधायला जमीन कुणाची आहे? वरची सपाटी, डोंगर कापून खाणींनीच केलेली मोकळी पठारंसुद्धा, कंपन्यांच्या नावावर आहेत. डोंगरांतून चारचाकी मोटारसायकली उडवायला पर्यटक येतात, त्यांच्या जोरावर खानावळी आणि खोल्या चालतात, ही गेल्या काही वर्षांतली चांगली गोष्ट. पण त्या वाटाही कंपन्यांच्या परवानगीने त्यांच्याच जमिनीवरून जातात.

याच डोंगरांतल्या एका सौद्याची गोष्ट सांगतो. २००९ मध्ये जिम जस्टिस यांनी मॅकडॉवेल आणि आसपासच्या आपल्या ब्लूस्टोन खाणी मेचेल या रशियन कंपनीला ४३ कोटी ६० लाख डॉलर रोख आणि वर समभाग घेऊन विकल्या. कोळशाचा भाव पडला, खाणी बंद पडल्या, आणि २०१५ मध्ये त्यांनी त्या परत घेतल्या ५० लाख डॉलरला. पुढे ते राज्याचे गव्हर्नर झाले, आता सिनेटर आहेत. सौदा कायदेशीर होता, माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण एवढी रक्कम ज्या जमिनीच्या नावाने एका हातातून दुसऱ्या हातात गेली, तिथल्या गावांच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे विचारायची कुठे सोयच नाही, याचा मला त्रास होतो.

खनिजावर कर आहे, मूळ दर ५ टक्के (वीजकेंद्रांच्या कोळशावर २०१९ च्या कायद्याने तो कमी केला), पण त्याचा मोठा भाग राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो आणि खर्च होऊन जातो. वायोमिंगही कोळशाचंच राज्य. तिथल्या मतदारांनी १९७४ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून खनिज कराचा एक हिस्सा कायमच्या निधीत ठेवायचं ठरवलं, मुद्दलाला हात लावायचा नाही असं ठरवून. अलास्काने १९७६ मध्ये तेलाबाबत तेच केलं. वेस्ट व्हर्जिनियाने असा निधी २०१४ मध्ये कायद्यात आणला, तोवर खाणी सुरू होऊन शंभरावर वर्षं लोटली होती, आणि तो निधी भरलाच गेला नाही. आपल्याकडे २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली आणि चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) वर खाणवाल्यांना जिल्ह्यासाठी वेगळी रक्कम द्यावी लागते. ती कशी खर्च होते यावर भांडणं आहेत, असायलाच हवीत. पण ज्या मातीतून माल निघाला तिचा त्यावर हक्क आहे, हे तत्त्व कायद्यात लिहिलेलं आहे. अमेरिकेचा कोळसा आज बाहेरच्या देशांत सर्वांत जास्त घेणाऱ्यांत भारत आहे. त्यामुळे हा हिशेब आपल्यापासून वाटतो तेवढा लांब नाही.

हिशेब थकला की माणसाच्या अंगावर काय उमटतं? २०१० च्या आकडेवारीनुसार मॅकडॉवेलमधल्या पुरुषाचं सरासरी आयुर्मान ६३.९ वर्षं होतं. वॉशिंग्टनजवळच्या फेअरफॅक्स काउंटीत जवळपास ८२. दोन्हींमधलं अंतर साधारण साडेपाचशे किलोमीटर, पुण्याहून गाडीने दिवसभरात पोचता येईल एवढं, आणि त्या अंतरात माणसाची अठरा वर्षं जातात. फुप्फुसात कोळशाची धूळ बसलेले म्हातारे, पाठीच्या दुखण्यावर मिळालेल्या गोळ्यांचं व्यसन लागलेली मधली पिढी, आणि आजी-आजोबांच्या घरात वाढणारी मुलं. वेल्चमधल्या एका जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत आता तुरुंग आहे. किंबॉलला २००५ मध्ये वॉलमार्ट आलं तेव्हा लहान दुकानं टिकली नाहीत, आणि जानेवारी २०१६ मध्ये जगभरातल्या २६९ दुकानांबरोबर तेही बंद झालं. नोकऱ्या गेल्या, ताजी भाजी गेली, आणि अन्नदान केंद्राला त्या दुकानातून येणारा मालही थांबला. मार्च २०२३ मध्ये ‘वेल्च न्यूज’ हे शंभरीला टेकलेलं स्थानिक वर्तमानपत्र बंद पडलं. पाणीपुरवठ्याच्या बैठकीत काय ठरलं, शाळेचा पैसा कुठे गेला, हे विचारून छापणारं घरचं माणूस गेलं. मला वॉलमार्टपेक्षा हे नुकसान मोठं वाटतं.

मतदानाबद्दल बाहेर फार कुत्सितपणे बोललं जातं. २००८ मध्ये या काउंटीने ओबामांना बहुमत दिलं होतं, २०१६ मध्ये जवळपास तीन चतुर्थांश मतं ट्रम्प यांना गेली. माणसं मूर्ख आहेत असा निष्कर्ष काढून शहरातले शहाणे मोकळे होतात. मी त्यात दोन्ही पक्षांचं अपयश पाहतो. एकाने पोटापुरतं देऊन मान फिरवली, दुसऱ्याने खाणी परत येतील असं सांगितलं. जमिनीबद्दल दोघेही बोलले नाहीत. आणि हीच माणसं एकजुटीने उभीही राहतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या शिक्षकांनी संप केला तो पेटला दक्षिणेकडच्या कोळसापट्ट्यातूनच आणि मग सगळ्या ५५ काउंट्यांत पसरला. शाळा बंद तर मुलं दुपारी खाणार काय, म्हणून शिक्षकांनीच डबे भरून पोचवले. नऊ दिवस शाळा बंद राहिल्या आणि ५ टक्के पगारवाढ घेऊनच त्या उघडल्या. त्यात अनेकजण खाणकामगारांची मुलं-नातवंडं होती आणि गळ्यात लाल रुमाल बांधून आली होती, १९२१ ला ब्लेअर डोंगराकडे निघालेल्यांनी बांधले होते तसे.

काय करायला हवं? पडून असलेल्या जमिनीचा आणि न काढलेल्या कोळशाचा मालमत्ता कर खऱ्या किमतीवर लावा. जी पठारं कंपन्यांच्या कामाची उरली नाहीत ती काउंटीच्या ताब्यात द्या, म्हणजे पुराच्या पातळीच्या वर घरं बांधता येतील आणि शिक्षकांना राहायला जागा मिळेल. शिक्षक संघटनेने वेल्चमध्ये त्यासाठी इमारत बांधली, पण एका इमारतीने भागणार नाही. २०१४ चा निधी भरायला घ्या आणि तो आधी खाणींच्या काउंट्यांना द्या. हे खर्चिक आहे असं म्हणणाऱ्यांनी दीडशे वर्षांत इथून किती मालगाड्या भरून गेल्या ते आठवावं.

आणि पहिला हप्ता पाण्याचा. खाणवस्त्यांचे नळ कंपन्यांनी टाकले होते. कंपन्या गेल्या तेव्हा गंजलेल्या वाहिन्या वस्तीच्या माथी मारून गेल्या. कीस्टोनमध्ये पाणी उकळूनच प्या ही सूचना जवळपास दहा वर्षं लागू होती. अनेक घरांचं सांडपाणी आजही नळीतून थेट ओढ्यात पडतं, आणि त्याच एल्कहॉर्नमध्ये जुन्या खाणींतून झिरपणाऱ्या थंड पाण्यामुळे ट्राउट मासा जगतो, तो पकडायला लांबून हौशी लोक येतात. प्यायला मात्र लोक रस्त्याकडेला गाडी थांबवतात. डोंगराच्या कातळातून बाहेर काढलेला एक पाइप असतो, पाणी अखंड पडत असतं. गाडीच्या मागच्या हौद्यात प्लास्टिकचे कॅन ओळीने मांडलेले, एक भरला की दुसरा. मागे आणखी एक गाडी येऊन थांबते आणि कुणी हॉर्न वाजवत नाही.